रात्रीस खेळ चाले : मालिका आणि तिच्या पडद्यामागचे सिंधुदुर्ग

रात्रीस खेळ चाले : झी मराठी वाहिनीवरील गूढ-भयमालिका. सिंधुदुर्ग जिल्ह्यात सावंतवाडीजवळच्या आकेरी गावातील एका जुन्या वाड्यात तिचे चित्रीकरण झाले. मालिकेची तीन पर्वे झाली. पहिले २२ फेब्रुवारी २०१६ रोजी सुरू होऊन त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये संपले. दुसरे १४ जानेवारी २०१९ ते ऑगस्ट २०२० असे चालले आणि तिसरे २२ मार्च २०२१ रोजी सुरू होऊन एप्रिल २०२२ मध्ये आटोपले. दिग्दर्शन राजू सावंत यांचे, लेखनाची मुख्य धुरा प्रल्हाद कुडतरकर यांची. प्रमुख भूमिकांत माधव अभ्यंकर (घराचे कर्ते अण्णा नाईक), शकुंतला नरे (अण्णांची पत्नी माई) आणि अपूर्वा नेमळेकर (अण्णांची प्रेयसी शेवंता). मराठी दूरचित्रवाणीवर भयकथा पूर्वीही आल्या होत्या. मात्र एखाद्या तालुक्याची बोली, तिथले घर आणि तिथल्या श्रद्धा रोज रात्री सलग दाखवणारी आणि त्यांच्याच बळावर सहा वर्षांच्या काळात दोनदा परतलेली मालिका म्हणून तिचे स्थान वेगळे आहे.

वाडा. मराठी दैनंदिन मालिका बहुधा मुंबईत आणि आसपास उभारलेल्या सेटवर होतात. सेटवरच्या खोलीची एखादी भिंत काढून ठेवता येते, छताच्या जागी दिवे टांगता येतात, कॅमेरा हवा तितका मागे नेता येतो. खऱ्या घरात यातले काहीच जमत नाही. कोकणातल्या जुन्या घरात पुढे खळे (अंगण), मग लोटा किंवा पडवी, आत काळोखे माजघर, बाजूला वळई, मागे न्हाणी, बाव (विहीर) आणि मांगर असा क्रम असतो. खिडक्या लहान, उंबरे उंच आणि आढे खाली. अशा घरात कॅमेरा दाराच्या चौकटीत किंवा कोपऱ्यात अडकून पडतो आणि पात्रे चौकटीआडून, अर्धी दिसत, अर्धी लपत वावरतात. ही मालिका पाहताना जी धाकधूक वाटते, तिचा मोठा भाग या अडचणीतूनच आलेला आहे. संगणकावर केलेली भुते यात फार प्रभावी नाहीत. खरी भीती मागच्या दारी, माडांच्या काळोखात आणि बावीच्या काठावर वाटते. घर मुंबईपासून सुमारे ५०० किलोमीटरवर असल्यामुळे कलावंत आणि तंत्रज्ञ यांना तिथेच मुक्काम करावा लागे. जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. आठवड्याचे भाग वेळेवर पुरवणाऱ्या मालिकेला एवढ्या पावसात बाहेरची दृश्ये घेणे किती जड जात असेल, हे कोकणात पावसाळा काढलेल्या कोणालाही कळेल. रविवारी दाखवल्या जाणाऱ्या विशेष भागाची, म्हणजे ‘महाएपिसोड’ची, अडचण आणखी मोठी असते. एरवीच्या भागाच्या दुपटीहून अधिक चित्रण करावे लागते आणि त्याच दिवसांत पुढच्या आठवड्याचे भागही पुरे करावे लागतात.

भाषा. सावंतवाडी-कुडाळ-मालवण पट्ट्यात बोलली जाणारी मालवणी ही मालिकेची दुसरी मोठी ताकद. मराठी रंगभूमीवर मालवणीचा मार्ग नट मच्छिंद्र कांबळी यांनी आधीच मोकळा केला होता. गंगाराम गवाणकरांचे, कांबळींनी गाजवलेले विनोदी नाटक ‘वस्त्रहरण’ १९८० मध्ये रंगभूमीवर आले, त्याचे हजारो प्रयोग झाले आणि ते लंडनपर्यंत गेले. पण त्यामुळे मालवणी म्हणजे हसवणारी बोली, असा समज सर्वदूर पसरला. तिच्यातून रडता येते, धाक घालता येतो, पापाची कबुली देता येते, हे महाराष्ट्रभरच्या प्रेक्षकांना घरबसल्या दिसले ते या मालिकेत. बोलीसाठी हे मोठे काम होते आणि त्याचे श्रेय पुरेसे दिले गेलेले नाही.

विदर्भ-मराठवाड्यातल्या प्रेक्षकाला ‘खंय’ (कुठे), ‘कित्या’ (का), ‘माका’ (मला), ‘इलंय’ (आलो) हे कळावे कसे, हा प्रश्न कथेच्या रचनेतच सोडवलेला दिसतो. नाईकांच्या कुटुंबातील मुंबईला राहणारा माधव आणि त्याची पत्नी नीलिमा प्रमाण मराठी बोलतात. गावात राहिलेली माई आणि दत्ता मालवणी बोलतात. गावातल्या माणसाने सांगितलेली गोष्ट शहरातला माणूस पुन्हा विचारतो आणि त्या प्रश्नोत्तरातून प्रेक्षकाला अर्थ आपोआप लागतो. मालवणी पातळ करण्यापेक्षा ही वाट कितीतरी चांगली.

मालिकेच्या पडद्यामागची सर्वांत लक्षणीय बाब म्हणजे तिचा लेखक तिच्यातच वावरत होता. नाईकांच्या घरचा विसरभोळा गडी पांडू ही भूमिका स्वतः कुडतरकरांनी केली. विचारलेले सांगता सांगता ‘इसारलंय’ म्हणून थांबणारा हा पांडू लहान मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सर्वांच्या तोंडी झाला. कथेच्या दृष्टीनेही तो फार उपयोगी होता. गूढकथेत माहिती किती आणि कधी उघड करायची हे लेखकाला सतत ठरवावे लागते. इथे ते ठरवणारा लेखक आणि ऐन मोक्याला विसरणारे पात्र एकच होते. लिहिलेला संवाद उच्चारताना कसा वळतो, कुठे आवाज खाली येतो, हे लेखक कॅमेऱ्यासमोर उभा राहून अनुभवत होता. संवादांचा मालवणी ठेका शेवटपर्यंत टिकला, याचे एक कारण हेही असावे.

श्रद्धांचे जग आणि आक्षेप. दक्षिण कोकणात गावाचा राखणदार, देवचार, घराण्याचा मूळपुरुष या कल्पना आजही रोजच्या बोलण्यात आहेत. देवळात गावाचे मानकरी गाऱ्हाणे घालतात आणि जमलेले लोक प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणून होकार देतात. निर्णय अडला की देवाला कौल लावतात. मालिकेने हे सारे कथेत आणले, आणि पहिले पर्व सुरू होताच जिल्ह्यातूनच त्यावर आक्षेप आले. कोकण म्हणजे भुताटकी आणि करणी, असे चित्र उभे राहते, अंधश्रद्धेला खतपाणी मिळते, ही तक्रार होती. अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचे नेते नरेंद्र दाभोलकर यांची हत्या होऊन तेव्हा तीन वर्षेही झाली नव्हती आणि राज्याचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३ च्या अखेरीस आला होता. त्या पार्श्वभूमीवर ही तक्रार गंभीरच होती. पहिल्या पर्वात नीलिमेसारखे बुद्धिनिष्ठ पात्र प्रत्येक घटनेला कारण मागत राहते, ही मालिकेची जमेची बाजू. पुढील पर्वांत मात्र भूत हे भूतच झाले आणि कारण मागणारा आवाज क्षीण झाला. प्रस्तुत लेखकाच्या मते ही मालिकेची खरी हानी होती. गाऱ्हाण्यात गाव एकत्र येतो, एकमेकांच्या सुखदुःखाची जबाबदारी घेतो. पडद्यावर त्यातली भीती तेवढी उरली.

याच मातीतले गूढ साहित्यात फार आधी आणि फार खोलवर आले होते. वेंगुर्ल्याजवळ बागलांची राई येथे जन्मलेल्या चिं. त्र्यं. खानोलकरांच्या ‘रात्र काळी, घागर काळी’, ‘कोंडुरा’ या कादंबऱ्यांत माणसाच्या वासना आणि अदृश्य शक्ती एकमेकींत गुंतलेल्या आहेत. ‘कोंडुरा’वर श्याम बेनेगल यांनी १९७८ मध्ये चित्रपटही केला. अण्णा नाईकांचे सत्ता, जमीन आणि बाई यांच्यामागे धावणे खानोलकरांच्या वाचकाला अनोळखी वाटणार नाही.

मालिकेचे नावही ‘हा खेळ सावल्यांचा’ (१९७६) या चित्रपटातील प्रसिद्ध गीताच्या आरंभीच्या शब्दांवरून आले आहे. गीत सुधीर मोघे यांचे, संगीत हृदयनाथ मंगेशकर यांचे.

दुसरे पर्व. पहिल्या पर्वाची सुरुवात अण्णांच्या मृत्यूने होते. त्यामुळे दुसऱ्या पर्वासाठी कथा मागे नेली गेली : अण्णा जिवंत, भरात आणि गावावर दरारा ठेवून. शेवट प्रेक्षकांना आधीच ठाऊक असलेली गोष्ट दीड वर्ष चालवणे सोपे नसते. ‘काय होणार’ हा प्रश्न हातातून गेलेला असतो. उरतो तो ‘कसे झाले’ हा. माधव अभ्यंकरांनी तो प्रश्न पेलला. त्यांचे अण्णा आरडाओरडा कमी करतात. सुपारी कातरता कातरता वर केलेली नजर पुरेशी ठरते. पहिल्या पर्वात भूतकाळातून डोकावणारी शेवंता इथे पूर्ण व्यक्ती झाली. या भूमिकेसाठी आपण वजन वाढवल्याचे अपूर्वा नेमळेकर यांनी मुलाखतींत सांगितले आहे. मराठी मालिकांत नायिकेने बारीकच असावे, या रूढीला त्यामुळे छेद गेला. मार्च २०२० मध्ये करोनामुळे राज्यातील सर्व चित्रीकरण थांबले. नवे भाग जुलैत पुन्हा सुरू झाले आणि ऑगस्टअखेर पर्व संपवण्यात आले.

तिसरे पर्व. ओसाड वाडा, वृद्ध माई आणि मरूनही न गेलेले अण्णा-शेवंता अशी याची मांडणी. पर्व सुरू होऊन महिना होतो न होतो तोच एप्रिल २०२१ मधील निर्बंधांनी राज्यातील चित्रीकरण पुन्हा बंद पडले. अनेक मराठी मालिका गोव्यात व अन्यत्र गेल्या. या मालिकेचे सर्वस्वच तो वाडा आणि तो परिसर असल्यामुळे तिला तसे हलणे अवघड होते. ती थांबली आणि ऑगस्टमध्ये परतली. पुढे नेमळेकर मालिकेतून बाहेर पडल्या व कृतिका तुळसकर शेवंता झाल्या.

दीर्घकाळ चालणाऱ्या मालिकेत गाजलेला चेहरा बदलणे ही जगभरची डोकेदुखी आहे. बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या १९६३ साली सुरू झालेल्या विज्ञानमालिकेत १९६६ मध्ये मुख्य नट विल्यम हार्टनेल यांची प्रकृती साथ देईना. तेव्हा नायक परग्रहवासी असल्याचा आधार घेऊन त्याला नवे शरीर मिळते, अशी युक्ती काढण्यात आली आणि पॅट्रिक ट्राउटन त्याच भूमिकेत आले. तीच युक्ती पुढे त्या मालिकेच्या दीर्घायुष्याचे गमक ठरली. भुताच्या गोष्टीत रूप पालटण्याला याहून मोकळे रान होते. मृत स्त्री वेगळ्या रूपात का आली, याचीच एक चांगली उपकथा होऊ शकली असती. ती संधी मालिकेने घेतली नाही. तुळसकरांनी मेहनतीने भूमिका केली तरी प्रेक्षक बराच काळ आधीचा चेहरा शोधत राहिले.

परिणाम. आकेरीचा वाडा पाहायला पर्यटक येऊ लागले. मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर थांबणारा प्रवासी त्यानिमित्ताने जिल्ह्याच्या आतल्या भागात, रामेश्वराच्या प्राचीन दगडी मंदिराच्या या गावात पोचला. राजू सावंत यांनीच पुढे ‘गाव गाता गजाली’ (२०१७) ही हलकीफुलकी मालवणी मालिका दिग्दर्शित केली. स्थानिक दशावतारी (कोकणातल्या दशावतार या लोकनाट्यातल्या) आणि हौशी नटांना दूरचित्रवाणीचे दार उघडले, हा लाभ सर्वांत टिकाऊ म्हणावा लागेल. रात्रभर उभ्याने संवाद रचत नेणाऱ्या दशावतारी नटांना पाठांतराची सवय नसली तरी हजरजबाबीपणा पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. पुढे असा नट मोठ्या पडद्यावरही आला : सुबोध खानोलकर यांचा दिलीप प्रभावळकर अभिनीत ‘दशावतार’ हा चित्रपट सप्टेंबर २०२५ मध्ये प्रदर्शित झाला आणि त्याच्या केंद्रस्थानी असाच एक वृद्ध दशावतारी कलावंत आहे.