मानशीचे दार

समुद्रकाठच्या प्रदेशाचा इतिहास लिहिताना आपली दृष्टी बहुधा बंदरे, किल्ले आणि तह यांवर खिळते. गोव्याच्या इतिहासातही तेच घडले आहे. परंतु या भूमीतील अनेक गावांचा उदरनिर्वाह शतकानुशतके ज्या रचनेवर अवलंबून होता, तिच्या केंद्रस्थानी एक साधे लाकडी दार होते. ते दार म्हणजे खाजनाची मानस. तिचा इतिहास पाहिल्यास खाडीकाठची शेती, मासेमारी, मीठ आणि जीवसृष्टी यांचे परस्परसंबंध जसे उलगडतात, तसे ते अन्य कोठून क्वचितच उलगडतील, असे आम्हांस वाटते.

गोव्याच्या नद्या सखल आहेत. मांडवी आणि जुवारी यांत भरतीचे खारे पाणी उन्हाळ्यात ४० किलोमीटरांहूनही आत शिरते. या नद्यांच्या व त्यांच्या उपनद्यांच्या काठची, भरतीच्या पातळीहून खाली असलेली जमीन बांध घालून शेतीखाली आणली, तीच खाजन जमीन. गोव्यात तिचे क्षेत्र सुमारे १८,००० हेक्टर सांगितले जाते. दक्षिण कोकणात तिला खाजण म्हणतात. हा शब्द जुना आहे. बांदोडे येथे सापडलेल्या, सहाव्या शतकाच्या सुमाराच्या, कोकणच्या मौर्यांपैकी अनिर्जितवर्म्याच्या ताम्रपटात ‘खज्जन’ जमिनीचा उल्लेख येतो. अर्थात पोर्तुगीज येथे येण्यापूर्वी सुमारे हजार वर्षे ही विद्या या मातीत रुजलेली होती.

खाजनाची रचना वरवर साधी, पण आत फार विचाराची आहे. नदीकडून चिखल, पेंढा आणि चिरे यांचा मुख्य बांध. त्याच्या बाहेर खारफुटीची झाडे. ती लाटांचा मारा आपल्या अंगावर झेलतात. बांधाच्या आत शेतमळे, आणि सर्वांत सखल भागी पाणी साठविणारा पोंय. पोंय आणि नदी यांच्यामध्ये मानस. तिची दारे अशी बसविलेली की, भरतीचे पाणी चढू लागले म्हणजे त्याच्याच दाबाने ती मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. बाहेरचे किती पाणी आत घ्यावयाचे, हे मात्र माणसाने ठरवावयाचे. पोंयातील पाणी मर्यादेबाहेर चढले की मळ्यांत खारटपणा शिरलाच.

या एका योजनेवर वर्षाचे चक्र फिरत असे. पावसाळ्यात सरी जमिनीतील मीठ धुऊन नेत, मानशीतून ते पाणी नदीस मिळे, आणि मळ्यांत कोरगुट हे खारटपणा सोसणारे भात उभे राही. भात निघाल्यावर खाऱ्या पाण्यास आत येण्याची मोकळीक मिळे. त्याबरोबर सुंगटे, खेकडे, शेवटे, काळुंदर, चोणक यांची पिले पोंयात येऊन वाढत. ओहोटीच्या वेळी मानशीच्या तोंडाशी जाळे लावून ती धरीत. काही खाजनांत जानेवारीपासून पावसाच्या तोंडापर्यंत मिठाचे आगर चालत. पेडण्यातील आगरवाडा हे गाव तर आपल्या नावातच हा व्यवसाय सांगते.

आणि हे केवळ माणसाचेच घर नव्हते. गोड्या, मचूळ व खाऱ्या पाण्याच्या पायऱ्या एकाच शिवारात असल्यामुळे बगळे, धीवर, हिवाळी पाहुणी बदके, ऊद आणि मगर या सर्वांस तेथे ठाव मिळे. कुंभारजुवे कालव्याच्या व जुवारीच्या परिसरातील काही गावांत पौषी अमावास्येला चिखलाची मगर करून तिची पूजा करतात. तिला माणगे थापणी म्हणतात. बांधांचे रक्षण व्हावे ही त्यामागील भावना. ज्या श्वापदाचे भय, त्यालाच राखणदार मानणाऱ्या लोकांनी निसर्गाशी केलेला हा करारच होय.

परंतु मानशीपाशी माणसामाणसांतला करारही लागे. शेतकऱ्यास आत खारे पाणी नको असे. मासे धरणाऱ्यास ते हवे असे. दार एकच, आणि हितसंबंध दोन. हा तंटा मिटविणारी संस्था म्हणजे गावकरी, म्हणजेच पुढची कोमुनिदाद. मानशीवरील मासेमारीचा लिलाव ती करी, पण दार केव्हा उघडावे व केव्हा मिटावे याचे नियम तिचे असत. आणि लिलावाच्या उत्पन्नातून बांधांची डागडुजी होई. अफोंसु मेशियाच्या १५२६ च्या फोरालाने गावकरीच्या चालीरीती लेखनिविष्ट केल्या; त्या निर्माण केल्या नाहीत.

या संस्थेचे गुणगान करताना तिची दुसरी बाजू झाकू नये. गावकार हा मूळ घराण्यांतील पुरुष. जोण, म्हणजे उत्पन्नाचा वाटा, त्याच्या घरी जाई. ज्यांनी छातीएवढ्या चिखलात उभे राहून बांध घातले, त्या कुणबी-गावड्यांच्या वाट्याला बहुतांशी श्रमच आले.

या व्यवस्थेस पहिला मोठा धक्का मिठाच्या बाजूने बसला. १८७८ च्या पोर्तुगीज-ब्रिटिश कराराने गोव्यातील मिठाचे नियंत्रण ब्रिटिश हिंदुस्थान सरकारच्या हाती गेले. १८९२ मध्ये करार संपला, पण तोवर मीठ करणाऱ्यांची घडी विसकटली होती. दुसरा बदल मुक्तीनंतरचा. १९६४ चा कूळ कायदा आणि त्याची १९७६ ची पाचवी दुरुस्ती यांनी कसणाऱ्यास जमिनीचा धनी केले. वर सांगितलेल्या विषमतेचे ते न्याय्य परिमार्जन होते. बांधांची जबाबदारी १९७५ च्या नियमांनी कुळांच्या संघटनांकडे आली, आणि मानशीच्या लिलावाचे उत्पन्नही.

येथेच करार ढासळला. मासळीचा, विशेषतः सुंगटांचा, भाव वाढत गेला. भातशेती आतबट्ट्याची झाली. लिलाव घेणारा ठेकेदार पाणी अधिक काळ आत ठेवू लागला, आणि त्यास अडविण्यात ज्यांचे हित असावे, त्यांतील अनेकांनी शेती सोडली होती. बांध फुटले, ते वेळीच बुजले नाहीत. मळे पडीक झाले व त्यांत खारफुटी माजली. खारफुटी मोलाची आहे, यात शंका नाही. परंतु बांधाबाहेर ती रक्षक, तर मळ्यात ती शेती संपल्याची खूण. जेथे भात, मीठ, मासे व पक्षी एकत्र नांदत, तेथे एकाच जातीचे हिरवे आवरण पसरते, तेव्हा जीवसृष्टीचे वैविध्यही आटते. २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेने गोव्यातील खाजनांच्या रक्षणाची स्वतंत्र तरतूद केली, ही समाधानाची गोष्ट. पण अधिसूचना रात्रीच्या भरतीला मानशीपाशी जागत नाही.

जुनी गावकरी परत आणावी असे आमचे म्हणणे नाही. ती आली तर तिच्याबरोबर जुनी विषमताही येईल. हक्क कसणाऱ्याचा आहे, तो तसाच राहावा. मात्र शेतकरी आणि मच्छीमार या दोघांच्या वतीने दारावर लक्ष ठेवणारी व लिलावाचा पैसा आधी बांधावर खर्च करणारी गावसंस्था उभी राहिल्यावाचून खाजन टिकणार नाही, हा या इतिहासाचा धडा आहे.

शिक्षक आणि परिषदेचे सभासद यांच्याकडे यातील एक काम निश्चित येते. मानस, पोंय, कोरगुट, जोण हे शब्द ज्यांच्या तोंडी सहज येतात, ती पिढी वृद्ध झाली आहे. विद्यार्थ्यांनी आपल्या गावच्या मानशीची माहिती या जाणत्यांकडून लिहून घ्यावी: दार कोणत्या लाकडाचे होते, ते कोण मिटीत असे, तंटा झाल्यास कोणाचा शब्द अखेरचा मानीत. अशी पन्नास गावांची टिपणे जमली, तरी उद्या बांध पुन्हा उभारू पाहणाऱ्यास काही आधार लाभेल.