तुकूम म्हणजे काय?

चंद्रपुरात ‘तुकूम’ नावाची वस्ती आहे. गोंडराजांच्या काळी हा शब्द जमिनीच्या सनदेचा होता: जो तलाव बांधील, त्याला त्याच्या पाण्यावर भिजेल तेवढी जमीन. राजाच्या तिजोरीला फारशी झळ न लागता रानात गावे वसू लागली. सौदा मोठा धूर्त!

वडसा-ब्रह्मपुरीच्या झाडीपट्टीत हे तलाव प्रामुख्याने कोहळी समाजाने बांधले. पाळीखाली धानाच्या बांध्या, पाण्यात ढिवरांची जाळी. गावाचे पोट तलावावर.

1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले. गावाचे निस्तारहक्क उरले. मात्र गाळ उपसणे, पाळ राखणे ही मालगुजाराची जबाबदारी आता कोणाची, हा प्रश्न लोंबकळत राहिला आणि अनेक तलाव उथळ होत गेले.