मोठा आवाज स्वच्छ कसा झाला? कर्ण्यापासून स्पीकरच्या भिंतीपर्यंत

१/ कल्याणच्या सुभेदारवाड्यात १८९५ साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, तेव्हा वक्त्याजवळ आणि मेळ्यातील गायकाजवळ एकच साधन होते: स्वतःचा गळा. आज त्याच कल्याण-डोंबिवलीत आणि शेजारच्या ठाण्यात मिरवणुकीचा आवाज बंद खिडक्यांच्या आत शिरतो आणि त्याचा वाद उच्च न्यायालयापर्यंत पोहोचतो. या दोन टोकांमधला तांत्रिक इतिहास हा या थ्रेडचा विषय.

२/ आवाज मोठा करणे हा प्रश्नाचा सोपा भाग होता. तो मोठा करताना बिघडू न देणे हा कठीण भाग. मूळ ध्वनीत नसलेले स्वर ध्वनिवर्धक स्वतःच्या पदरचे घालतो, त्या दोषाला विरूपण म्हणतात. एकाच स्वराच्या दुप्पट-तिप्पट कंपनसंख्येचे स्वर उमटले, तर कान ते काही अंशी सहन करतो. दोन स्वरांच्या संकरातून तिसराच बेसूर स्वर जन्मला, तर तो लगेच खुपतो.

३/ १९२५ साली अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी आधुनिक ध्वनिवर्धकाचा आराखडा मांडला. चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे आणि त्याला जोडलेला कागदी शंकू. आजचे बहुतेक स्पीकर याच तत्त्वावर चालतात. या रचनेची मर्यादाही तिच्यातच दडलेली होती. शंकू फार पुढे-मागे गेला, की वेटोळे चुंबकाच्या प्रभावक्षेत्राबाहेर सरकते, शंकूची कड ताणली जाते आणि हालचाल मूळ संकेताशी जुळेनाशी होते.

४/ खर्जाच्या स्वरांत ही अडचण सर्वांत मोठी. आवाजाची पातळी तीच ठेवून स्वर एक सप्तक खाली आणला, तर शंकूला चौपट हेलकावा घ्यावा लागतो. उच्च स्वरात निर्धास्त असलेला स्पीकर खर्जात म्हणूनच धापा टाकतो.

५/ अ‍ॅम्प्लिफायरचा प्रश्न आधी सुटला. २ ऑगस्ट १९२७ रोजी बेल प्रयोगशाळेतील हॅरॉल्ड ब्लॅक बोटीतून हडसन नदी ओलांडत होते. बाहेर पडणाऱ्या संकेताचा काही अंश उलटा करून परत आत सोडावा, म्हणजे चूक आपोआप कमी होईल, ही कल्पना त्यांना सुचली आणि त्यांनी ती हातातल्या वर्तमानपत्रावरच टिपली. ऋण प्रत्याभरण ते हेच. शंकूची यांत्रिक हालचाल मात्र त्यामुळे सुधारली नाही.

६/ त्या बाबतीत बोलपटाने वाट दाखवली. १९२६ साली अमेरिकेत व्हिटाफोन पद्धतीचे ध्वनियुक्त चित्रपट आले. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ झळकला. त्या काळातील अ‍ॅम्प्लिफायरची शक्ती मोजक्या वॅटची, आणि प्रेक्षागृह शेकडो लोकांचे. यावर वेंट आणि थुरास या अभियंत्यांचे उत्तर होते कर्णा. हळूहळू रुंदावणाऱ्या कर्ण्यामुळे छोट्या पडद्याच्या अगदी लहान हालचालीतूनही मोठा आवाज निघतो. हालचाल कमी, म्हणून विरूपणही कमी.

७/ पुढचा टप्पा कामाच्या वाटणीचा. १९३०च्या दशकात एमजीएमच्या डग्लस शिअरर यांच्या चमूने खर्ज एका भागाकडे आणि उच्च स्वर दुसऱ्या भागाकडे सोपवले. ही वाटणी का हवी? डोंबिवली स्थानकातून न थांबता जाणाऱ्या मेल गाडीची शिट्टी जवळ येताना चढी आणि दूर जाताना उतरती ऐकू येते. एकच शंकू खर्जासाठी मोठे हेलकावे घेत असताना बासरीही वाजवू लागला, तर बासरीच्या सुराचीही तीच गत होते. आरसीएच्या बीअर्स आणि बेलार यांनी १९४३ साली या दोषाची शास्त्रीय मांडणी केली.

८/ १९७४ साली ‘ग्रेटफुल डेड’ या अमेरिकन वाद्यवृंदाने हे सूत्र टोकाला नेले. मंचामागे शेकडो स्पीकरांची भिंत उभी राहिली, आणि प्रत्येक वाद्याला त्या भिंतीत स्वतंत्र स्पीकर मिळाले. गिटार आणि गळा एका शंकूतून जातच नसल्याने त्यांचा संकर होण्याचा प्रश्न उरला नाही. भारही अनेकांत वाटला गेला: दोन स्पीकर जवळजवळ ठेवले, तर तेवढ्याच खर्जासाठी प्रत्येकाला निम्मीच हालचाल पुरते.

९/ स्पीकरच्या भिंती आज आपल्या रस्त्यांवरही दिसतात, पण संख्या वाढली म्हणून शुद्धता येत नाही. अ‍ॅम्प्लिफायर कुवतीपलीकडे ताणला, की ध्वनिलहरींचे माथे कापले जातात आणि आवाज फाटतो. वेटोळे तापले, की त्याचा विद्युतरोध वाढतो. मग शक्ती वाढवूनही आवाज त्या प्रमाणात वाढत नाही.

१०/ इथे या इतिहासाला एक अनपेक्षित वळण मिळते. आवाज फार झाला, हे कान पुष्कळदा त्याच्या फाटण्यावरून ओळखतो. विरूपण नाहीसे झाले, की ती धोक्याची घंटाही नाहीशी होते. स्वच्छ आवाज प्रत्यक्षात आहे त्याहून कमी भासतो आणि बटण आणखी फिरवले जाते. अंतर्कर्णातील नाजूक पेशींना मात्र ध्वनीच्या ऊर्जेशी आणि काळाशीच देणेघेणे असते. ८५ डेसिबलला ८ तास ही मर्यादा मानली, तर १०० डेसिबलला ती केवळ १५ मिनिटांवर येते.

११/ म्हणूनच कायदा शुद्धता मोजत नाही, पातळी मोजतो. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ही मोजणी मानवी कानाच्या संवेदनेनुसार खर्जाला कमी वजन देते. ५० हर्ट्झच्या स्वरातून सुमारे ३० डेसिबल वजा होतात. तावदाने थरथरत असतानाही मापकावरचा आकडा त्या मानाने लहान दिसू शकतो, तो यामुळे.

१२/ या नियमांची अंमलबजावणी व्हावी म्हणून ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. ऑगस्ट २०१६ मध्ये न्या. अभय ओक आणि न्या. अमजद सय्यद यांच्या खंडपीठाने तपशीलवार निकाल दिला: ध्वनिवर्धक वापरणे हा कोणत्याही धर्माचा अनिवार्य भाग नाही आणि नियमांचे पालन करवून घेणे हे शासनाचे कर्तव्य आहे. न्या. ओक यांच्या वकिलीचा आरंभही ठाणे जिल्हा न्यायालयातलाच.

१३/ राइस-केलॉगपासून पुढच्या शंभर वर्षांत अभियंत्यांनी आवाजातील खोट जवळजवळ काढून टाकली. तो किती मोठा असावा, हे त्यांच्या कोणत्याही सूत्रात नव्हते. ते ठरवण्याचे काम ठाण्या-कल्याणच्या रस्त्यावर, मापक हाती घेतलेल्या माणसाकडेच राहिले.

(थ्रेड समाप्त)