'द क्लॅश' कुठून ऐकावा? बोलीच्या वाटेने एक परिचय

पंक म्हटले की आपल्याकडच्या साहित्याच्या विद्यार्थ्यापुढे रंगवलेले उभे केस, कपड्यांना टोचलेल्या सेफ्टी पिना आणि कानठळ्या बसवणारी गिटार एवढेच येते. पेहरावाची ओळख झाली, गाण्याची राहून गेली. जळगाव-धुळ्याच्या वाचकाला मात्र या संगीतात शिरण्यासाठी एक जवळची वाट आहे असे आम्हांला वाटते, आणि ती वाट बोलीची आहे.

आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींची (१८८०-१९५१) गाणी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह १९५२ साली पुस्तकरूपाने आली, तेव्हा शेतात आणि जात्यावर बोलली जाणारी भाषा, क्षमा न मागता, छापील मराठीत येऊन बसली. १९६३ साली सांगवीच्या भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' आली आणि कादंबरीचे सबंध निवेदन बोलण्याच्या लयीत चालू शकते हे मराठी वाचकाला मान्य करावे लागले. १९७६-७७ साली लंडनमध्ये जे घडले त्याचे मर्म याच जातीचे होते. तोवर इंग्लंडमधले रॉक गायक सर्रास अमेरिकी हेल काढून गात. रॉकची ती जणू प्रमाणभाषाच होती. पंकवाल्यांनी तो हेल टाकला आणि लंडनच्या रस्त्यावर बोलतात त्या उच्चारात, शब्द गिळत, ओरडत गायला सुरुवात केली. गिटारचे तीन सूर येत असले तरी पुरे, ही त्यांची घोषणा प्रसिद्ध आहे. तिच्यापेक्षा हा उच्चाराचा निर्णय आम्हांला अधिक मोलाचा वाटतो.

'द क्लॅश' हा या मंडळींमधला सर्वांत कान उघडे असलेला गट. १९७६ साली जो स्ट्रमर, मिक जोन्स आणि पॉल सिमोनन एकत्र आले. पुढे ढोलवादक म्हणून टॉपर हेडन आला. नवख्या श्रोत्याला बहुतेक जण 'लंडन कॉलिंग'पासून सुरुवात करायला सांगतात. आमचे मत वेगळे आहे. एप्रिल १९७७ चा पहिला अल्बम, 'द क्लॅश', आधी ऐकावा, कारण पुढे जे रुंदावत गेले ते मुळात किती अरुंद गल्लीतून निघाले हे त्याशिवाय कळत नाही. बेकारी, कंटाळवाण्या नोकऱ्या आणि सिमेंटच्या इमारती हे त्याचे विषय. 'व्हाइट रायट' हे गाणे ऑगस्ट १९७६ मध्ये नॉटिंग हिलच्या कार्निव्हलात कॅरिबियन वस्तीतले तरुण आणि पोलीस यांच्यात जी दंगल झाली तिच्यातून आले. स्ट्रमर आणि सिमोनन त्या वेळी तिथे होते. काळी पोरे आपल्या हक्कासाठी उभी राहतात, गोरी का राहत नाहीत, असा त्या गाण्याचा सवाल आहे. केवळ शीर्षक वाचणाऱ्यांनी त्याचा भलताच अर्थ लावला. सबंध अल्बममध्ये सुमारे सहा मिनिटांचे एकच गाणे आहे, 'पोलीस अँड थीव्ह्ज', आणि ते मुळात जमैकाच्या ज्युनिअर मर्विनचे. शेजारच्या वस्तीची लय आपल्या बोलीत उतरवून घेण्याची ही पहिली खूण. विद्यार्थ्याने मर्विनचे मूळ गाणे आणि हे रूप लागोपाठ ऐकावे. भाषांतर म्हणजे काय, यावर वर्गातला एक तास सहज होईल.

इथे एक अडचण आहे आणि ती टाळून पुढे जाणे बरे नव्हे. रस्त्याची बोली गाणारा स्ट्रमर रस्त्यावर वाढला नव्हता. त्याचे खरे नाव जॉन मेलर. तो १९५२ साली अंकारा येथे जन्मला. वडील, जे स्वतः आपल्या लखनौत जन्मले होते, ब्रिटनच्या परराष्ट्र सेवेत होते आणि मुलगा निवासी शाळेत शिकला. म्हणजे उच्चार कमावलेला. यावरून त्याला ढोंगी म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते, त्यांच्यापुढे दुसऱ्या भाषेचा पर्यायच नव्हता. इंग्रजीचे अध्यापक असलेल्या नेमाड्यांपुढे तो होता, आणि त्यांनी बोलीची लय निवडली. जी भाषा निवडली जाते ती खोटी ठरत नाही, उलट तिच्यामागे उत्तर देण्याची जबाबदारी येते, असे आम्ही मानतो. वर्गाच्या दारात चपलांसारखी अहिराणी काढून ठेवणाऱ्या धुळ्याच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. परत जाताना ती पायात घालायची की नाही, हे त्यालाही ठरवावेच लागते. स्ट्रमरचा पेच फक्त उलट्या बाजूचा: बोली त्याच्या घरची नव्हती, आणि तिच्या दाराशी तो आपणहून जाऊन उभा राहिला.

१९७८ चा दुसरा अल्बम, 'गिव्ह एम इनफ रोप', सुरुवातीला बाजूला ठेवला तरी चालेल. आवाज घोटून गुळगुळीत केलेला आहे. त्याच वर्षी सुटे निघालेले 'व्हाइट मॅन इन हॅमरस्मिथ पॅले' मात्र चुकवू नये; रेगेच्या जलशाला गेलेला एक गोरा तरुण तिथे स्वतःचेच भ्रम तपासतो.

मग 'लंडन कॉलिंग'. डिसेंबर १९७९ मध्ये आलेला हा दोन तबकड्यांचा अल्बम गटाच्या आग्रहावरून एकीच्या किमतीत विकला गेला. दुसऱ्या महायुद्धात बीबीसीच्या प्रक्षेपणात ऐकू येणारी हाक त्याच्या नावात आहे. मुखपृष्ठावरची अक्षरे १९५६ च्या एल्व्हिस प्रेस्लीच्या पहिल्या अल्बमची नक्कल करतात, आणि त्यांच्यामागे पेनी स्मिथने टिपलेला, बास गिटार जमिनीवर आपटणारा सिमोनन आहे. परंपरेशी भांडताना तिचीच अक्षरे वापरणे हा प्रकार आपल्याला नवा नाही. ओवीच्या छंदातही असे पुष्कळ घडलेले आहे. साहित्याच्या मंडळींनी 'स्पॅनिश बॉम्ब्ज' ऐकावे: १९३६ साली मारल्या गेलेल्या लोर्का या कवीचे नाव त्यात येते, आणि स्पेनचे यादवी युद्ध पर्यटकांच्या स्पेनवर आदळते.

'सँडिनिस्टा!' (१९८०) हा तीन तबकड्यांचा, छत्तीस गाण्यांचा पसारा. नाव निकाराग्वातल्या, १९७९ साली सोमोझाची राजवट उलथवणाऱ्या क्रांतिकारकांचे. किंमत कमी राहावी म्हणून गटाने आपल्या मानधनाचा मोठा वाटा सोडला. हा अल्बम सलग ऐकू नये. वाड्यातल्या जुन्या पेटाऱ्यात हात घालावा तसा कुठूनही उघडावा; काही वस्तू निव्वळ अडगळ आहेत हेही मान्य करावे. १९७७ साली एका मोठ्या कंपनीशी करार केला त्याच दिवशी पंक मेला, असे समकालीन नियतकालिकाच्या एका संपादकाने म्हटले होते. 'लेखकाचा लेखकराव' कसा होतो हे नेमाड्यांकडून वाचलेल्यांना त्या आक्षेपाचा रोख लगेच कळेल. पण कंपनीच्या पैशात कंपनीला नको असलेला असा पसारा काढणे हेही आम्हांला उत्तरच वाटते.

१९८२ चा 'कॉम्बॅट रॉक' सर्वाधिक खपला. त्यातले 'स्ट्रेट टू हेल' आपल्या वाचकांपैकी अनेकांनी नकळत ऐकलेले आहे. त्याचीच सुरावट घेऊन एम.आय.ए. या गायिकेने २००७ साली 'पेपर प्लेन्स' केले, आणि ते २००८ च्या 'स्लमडॉग मिलियनेअर'मध्ये, आपल्या मुंबईच्या गोष्टीत, वाजले. मूळ गाण्यात उद्योग बुडालेल्या गावातले स्थलांतरित आहेत आणि व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैनिकांनी मागे ठेवलेली मुले आहेत. कुठेही आरडाओरडा नाही.

१९८३ साली जोन्सला काढून टाकण्यात आले. १९८५ चा 'कट द क्रॅप' अभ्यासकांनी ऐकावा, इतरांनी सोडावा. नोव्हेंबर २००२ मध्ये लंडनच्या ॲक्टन भागात संपावरच्या अग्निशामक कामगारांच्या मदतीसाठी स्ट्रमर आपल्या नव्या गटासह गात होता, तेव्हा प्रेक्षकांतला जोन्स आपणहून रंगमंचावर चढला आणि दोघांनी जवळजवळ वीस वर्षांनी एकत्र 'व्हाइट रायट' गायले. त्यानंतर पाच आठवड्यांनी, २२ डिसेंबर रोजी, स्ट्रमर वारला. त्या रात्रीचे ध्वनिमुद्रण पुढे प्रसिद्ध झाले आहे. पहिला अल्बम ऐकून झाल्यावर ते जरूर लावावे.