तळटीप : ‘ठेकेदार’
किन्हीराजा (तालुका मालेगाव, 1998 पूर्वी जिल्हा अकोला, आता वाशीम) येथील फडाच्या वर्णनात ग्रंथकर्त्याने योजलेला हा शब्द बांधकाम खात्यातला नव्हे, जोड्या नेमणे, इनामाची रक्कम कबूल करणे आणि तिकिटांच्या वसुलीतून ती फेडणे, ही सारी जोखीम शिरावर घेणारा, पुष्कळदा स्वतःच जुना मल्ल असलेला गृहस्थ तो कुस्त्यांचा ठेकेदार. तारुण्यात लाल मातीत घुमलेल्या मामासाहेब मोहोळांनी मात्र या नफ्यातोट्याच्या व्यवहाराऐवजी संस्थेचा मार्ग पत्करून 1953 मध्ये महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद स्थापिली, आणि 1961 पासून ‘महाराष्ट्र केसरी’ हा किताब सुरू झाला, विजेत्याची चांदीची गदा (जिचा मोह रोख इनामाहूनही दुर्निवार!) पुढे त्यांच्याच स्मरणार्थ मोहोळ कुटुंबाकडून दिली जाऊ लागली.