पांढऱ्या ठिपक्यांचा इतिहास

कळंब्याला शिक्षकांच्या एका गटापुढे चुंबकीय अनुस्पंदनावर बोलून आम्ही निघणार, तेवढ्यात एका बाईंनी पिशवीतून मोठा लखोटा काढला. आत त्यांच्या भाचीच्या मेंदूची एमआरआय फिल्म होती. ती खिडकीच्या उजेडाशी धरून त्यांनी विचारले, "सर, यात नऊ ठिपके आहेत. म्हणजे आजार किती?" आम्ही पडलो पदार्थविज्ञानाचे. रुग्णाविषयी मत देणे हे आमचे काम नव्हे, आणि तसे आम्ही त्यांना सांगितलेही. पण प्रश्न मात्र नेमका होता. डागांवरून आजार मोजता येतो का, यावर डॉक्टर मंडळी दीडशे वर्षे डोके खाजवत आली आहेत.

आजाराचे नाव मल्टिपल स्क्लेरोसिस, थोडक्यात एमएस. मेंदूतील आणि मज्जारज्जूतील बहुतेक लांब चेतातंतूंवर मायेलिन नावाचे स्निग्ध आवरण असते. विजेच्या तारेवरील रबरासारखे, असे आपण वर्गात सांगतो. उपमा अपुरी आहे, पण चालते. या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा त्या आवरणावरच उलटते. आवरण कुठे गेले त्यावर लक्षण ठरते. कुणाला एका डोळ्याने अंधूक दिसू लागते, कुणाचे पाय जड पडतात, कुणाचा तोल जातो. बहुधा ऐन विशी ते चाळिशीत हे सुरू होते, आणि स्त्रियांत अधिक आढळते.

डाग प्रथम दिसले ते शवविच्छेदनात. १८३० च्या दशकात ब्रिटिश डॉक्टर रॉबर्ट कार्सवेल आणि फ्रेंच डॉक्टर झाँ क्रूव्हेय्ये या दोघांनी, स्वतंत्रपणे, त्यांची चित्रे काढून ठेवली. पण चित्र म्हणजे निदान नव्हे. जिवंतपणीची लक्षणे आणि मृत्यूनंतरचे डाग यांची नीट सांगड घातली ती पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील झाँ-मार्तँ शार्को यांनी, १८६८ साली. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना दिसले की डागात मायेलिन नाहीसे झालेले असते, पण आतला तंतू बराचसा शाबूत राहतो. यातला 'बराचसा' हा शब्द पुढे पाठ्यपुस्तकांतून जवळजवळ गळालाच. एमएस म्हणजे फक्त आवरणाचा आजार, असे विद्यार्थ्यांच्या पिढ्यानपिढ्या शिकल्या.

पुढची शंभर वर्षे डॉक्टरांच्या हाती होती ती हातोडी, टाचणी आणि रुग्णाची हकीकत. साध्या क्ष-किरण चित्रात कवटी दिसते, मेंदूतले डाग दिसत नाहीत. १९७१ साली गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्रावर पहिल्या रुग्णाचा मेंदू पाहिला गेला. तरीही डाग आणि शेजारची निरोगी ऊती यांच्या घनतेत फरक इतका थोडा की सीटीला बहुतेक डाग निसटतच.

एमआरआयचे तसे नाही. ते का, हे कळंब्यात समजावणे सोपे आहे. तिथला तलाव संस्थानकाळात कोल्हापूरला पाणी पुरवण्यासाठी बांधला गेला. जमिनीखालचा नळ फुटला तर आपल्याला फुटलेला नळ दिसत नाही, वर आलेली ओल दिसते. एमआरआय मुख्यत्वे पाणी पाहते. चुंबकक्षेत्रात ठेवलेल्या शरीरातील हायड्रोजनच्या केंद्रकांना रेडिओलहरींचा धक्का दिला की ती पूर्वपदावर येताना क्षीण संकेत देतात. मायेलिन स्निग्ध असल्याने त्याच्या थरांत मोकळे पाणी कमी असते. आवरण गेले, सूज आली, की मोकळे पाणी वाढते. मोकळ्या पाण्याचा संकेत अधिक वेळ टिकतो, म्हणून टी-२ नावाच्या चित्रात ती जागा पांढरी दिसते. बाईंच्या फिल्मवरचे ठिपके म्हणजे ही ओल.

केंद्रकांचा हा गुण फेलिक्स ब्लॉक आणि एडवर्ड पर्सेल यांनी १९४६ मध्ये द्रव-घन पदार्थांत दाखवला होता. त्यापासून चित्र कसे करावे हे पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये सांगितले. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील गटाने १९८१ साली एमएसचे १० रुग्ण दोन्ही यंत्रांवर तपासले. सीटीत एकूण १९ डाग दिसले. नव्या यंत्रात ते १९ दिसलेच, शिवाय आणखी ११२ दिसले! विज्ञानाच्या इतिहासात एका तक्त्याने एवढे काम केल्याची उदाहरणे थोडी.

त्यानंतर मोजणीचा धडाका सुरू झाला. गॅडोलिनियमचे इंजेक्शन देऊन ताजे, सूज असलेले डाग वेगळे ओळखता येऊ लागले. तेच रुग्ण महिन्या-महिन्याला तपासल्यावर कळले की रुग्णाला जाणवणाऱ्या झटक्यांच्या कित्येक पट डाग गुपचूप येतात नि जातात. १९९३ साली अमेरिकेत इंटरफेरॉन बीटा-१बी या औषधाला मान्यता मिळाली, त्यात एमआरआयवरील डागांच्या मोजणीचा मोठा आधार होता. २००१ मध्ये इयन मॅक्डॉनल्ड यांच्या समितीने निदानाच्या निकषांतच एमआरआयला जागा दिली.

आणि तरीही हिशेब जुळेना. कुणाच्या मेंदूत डागांची गर्दी, पण माणूस जिना चढतो आहे; कुणाच्या मेंदूत मोजके डाग, आणि तो चाकाच्या खुर्चीत. ओलीवरून नळाला नुसती चीर गेली आहे की तो तुटला आहे, हे कसे कळणार? शिवाय मज्जारज्जूतला छोटासा डाग मेंदूतल्या दहा डागांपेक्षा जास्त त्रास देऊ शकतो. १९९८ साली ब्रूस ट्रॅप यांच्या गटाने सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले की ताज्या डागांत आतले तंतूही मोठ्या संख्येने तुटलेले असतात. शार्कोंचा 'बराचसा' हा शब्द असा परत आला. त्याच सुमारास प्रतिमाशास्त्रही ठिपक्यांपलीकडे पाहू लागले होते. टी-१ चित्रात कायम राहणारी काळी विवरे ऊतींची खरी हानी दाखवतात. चेतापेशींत असणारे एनएए नावाचे रसायन मोजले, तर ते वरून निरोगी दिसणाऱ्या भागातही घटलेले आढळते. उपचार न घेतलेल्या रुग्णांत मेंदूचे आकारमान वर्षाला सुमारे अर्धा ते एक टक्का घटते. मेंदूच्या राखाडी बाह्यस्तरातील बरेचसे डाग तर नेहमीच्या चित्रात उमटतच नाहीत.

आता आपल्याकडे वळू. एमएस हा थंड देशांतल्या गोऱ्यांचा आजार, भारतात तो लाखात जेमतेम एखाद्याला होतो, असे बराच काळ मानले जाई. त्याला पहिला मोठा धक्का दिला तो मुंबईने, आणि तोही यंत्राशिवाय. १९८० च्या दशकात डॉ. नादिर भरुचा आणि सहकाऱ्यांनी मुंबईतील पारशी वसाहतींत घरोघर पाहणी केली. १४,०१० माणसे, आधी प्रश्नावली, मग संशयित रुग्णांची चेतातज्ज्ञांकडून तपासणी. डॉ. नोशीर वाडिया यांनीही १९९० मध्ये पारशी समाजातील एमएसची नोंद प्रसिद्ध केली. लाखामागे वीसहून अधिक रुग्ण आढळले. इराणातून आलेला, बव्हंशी आपसांतच विवाह करणारा हा समाज. तेव्हा आनुवंशिकतेचा धागा उघडच होता. पण बाकीच्यांत आजार खरोखर कमी होता, की नीट शोधलाच नव्हता? पुढे एमआरआय शहरोशहरी पोचले. २०१४ साली मंगळुरूच्या पाहणीत लाखामागे ८ हून अधिक रुग्ण सापडले. आमच्या मते यातली निदान काही वाढ तरी शोधण्याची आहे.

यंत्राने दुसरी पंचाईतही आणली. वय, रक्तदाब, अर्धशिशी यांमुळेही पांढरे ठिपके येतात. क्षयरोग आणि मेंदूतील फीतकृमीच्या अळ्या आपल्याकडे विसरून चालत नाही. सर्वांत फसवा तो न्यूरोमायलायटिस ऑप्टिका, म्हणजे एनएमओ. डोळ्याची नस आणि मज्जारज्जू यांवर घाला घालणारा हा आजार आशियात एमएसमध्येच मोजला जाई. २००४ साली त्याची खूण असलेले प्रतिपिंड रक्तात सापडले, आणि पुढच्याच वर्षी कळले की ते अ‍ॅक्वापोरिन-४ या प्रथिनावर चिकटते. हे प्रथिन म्हणजे पेशीतली पाण्याची वाट. फरक नुसता नावाचा नाही: एमएसवर दिले जाणारे इंटरफेरॉन एनएमओमध्ये आजार वाढवू शकते.

बाईंना आम्ही एवढेच म्हणालो की नऊ हा आकडा उत्तर नव्हे, आणि डॉक्टरांना विचारण्यासारख्या तीन गोष्टी त्यांच्या वहीत लिहून दिल्या: मज्जारज्जूची एमआरआय झाली आहे का, अ‍ॅक्वापोरिनची रक्तचाचणी झाली आहे का, आणि आधीच्या फिल्मशी ही ताडून पाहिली आहे का. तिसरी वाचताच त्या म्हणाल्या, "आधीची आहे की! तिच्या सासरी, कपाटावर, कॅलेंडरांच्या गुंडाळीत."