तालिका-कार्डाची कुळकथा

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात विद्यार्थी संगणकावर लेखकाचं नाव टाकतो आणि पडद्यावर शीर्षक, प्रकाशक, वर्गांक उमटतात. या नोंदीचं कूळ शोधत गेलं की हाती लागतो पत्त्यांचा कॅट. फ्रेंच राज्यक्रांतीत चर्चची ग्रंथालयं सरकारजमा झाली. त्यांची मोजदाद करायला 1791 मध्ये हुकूम निघाला की पत्त्याच्या कोऱ्या पाठीवर एकेका पुस्तकाची नोंद करा. वहीत नवं नाव मधेच घालता येत नाही, सुटा पत्ता हवा तिथे सरकवता येतो. सगळी करामत एवढीच.

कार्डांचा हा वारसा आपल्या लोकांपर्यंत पोहोचवण्यात बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांचा मोठा वाटा. त्यांनी 1910 मध्ये अमेरिकेतून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बडोद्याला आणलं आणि पुढच्याच वर्षी तिथे ग्रंथपालांचा प्रशिक्षण वर्ग सुरू झाला.

शिवाजी विद्यापीठ 1962 चं, म्हणजे कार्डांच्या ऐन भराच्या काळातलं. लाकडी खण ओढायचा, कार्डं चाळायची. प्रत्येकाच्या तळाशी भोक, त्यातून आरपार गेलेली सळई, म्हणजे कार्ड उपसून नेता येत नसे. लेखकाचं एक, शीर्षकाचं एक, विषयाचं एक, अशी एकाच पुस्तकाची निदान तीन कार्डं लिहावी लागत. ती अचूक लिहिणाऱ्यांचे उपकार वाचकांनी कधी पुरेसे मानले नाहीत.

1960 च्या दशकात अमेरिकेत हेन्रिएट ॲव्हरम यांनी संगणकाला वाचता यावं म्हणून कार्डावरच्या नोंदीचे तुकडे पाडून त्यांना क्रमांक दिले. 100 लेखकाचा, 245 शीर्षकाचा. इंटरनेट आल्यावर त्यात 856 ची भर पडली. या रकान्यात ई-पुस्तकाचा किंवा ई-नियतकालिकाचा दुवा बसतो.

खरी काळजी इथे आहे. वर्गांक आपल्याच मालकीच्या कपाटाकडे नेतो, 856 मात्र दुसऱ्याच्या सर्व्हरकडे. वर्गणी संपली की नोंद राहते आणि दार बंद होतं. 2025 पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत 30 प्रकाशकांच्या सुमारे 13,000 नियतकालिकांचे पैसे केंद्र सरकार भरतं, तरी कोणता दुवा आज उघडतो हे कोल्हापुरातच कुणीतरी बसून तपासायला हवं. छापील पुस्तकांची साठा पडताळणी होते, तशीच दुव्यांचीही नेमाने व्हावी. पीएच.डी.च्या प्रबंधाची बांधीव प्रत ग्रंथालयात असते आणि पीडीएफ ‘शोधगंगा’ या ऑनलाइन प्रबंधसंग्रहावर. ही दोन्ही ठिकाणं एकाच नोंदीत दिसायला हवीत.